ब्रिटनची आधुनिक स्मृतिनाणी : चलनातली जमवावीत की टांकसाळीच्या डबीतली?

प्रश्न
राजारामपुरीचा_संग्राहक, कोल्हापूर

सर्व नाणेसंग्राहकांना सप्रेम नमस्कार.

मी अनेक वर्षांपासून भारतीय स्मृतिनाणी जमवतो. छत्रपती शिवाजी महाराजांचे १९९९ चे दोन रुपयांचे नाणे, त्याच वर्षीचे संत ज्ञानेश्वरांचे एक रुपयाचे नाणे, लोकमान्य टिळकांचे पाच रुपयांचे नाणे अशा, बाजारात सुट्टे म्हणून हातात आलेल्या नाण्यांपासून हा छंद सुरू झाला. आजही पाकिटबंद संचापेक्षा वापरातून आलेले नाणेच मला अधिक जवळचे वाटते.

माझी भाची नोकरीनिमित्त लेस्टरला असते. मागच्या वेळी सुट्टीवर येताना तिने तिच्याजवळ साठलेली मोड मला आणून दिली आणि त्यातली पन्नास पेन्सची नाणी पाहून मी अक्षरशः हरखून गेलो. एकावर लोखंडी गजांना स्वतःला साखळीने बांधून घेतलेली, मताधिकारासाठी लढणारी स्त्री आहे. दुसऱ्यावर धावपटूचे पाय आणि त्यामागे स्टॉपवॉच आहे. तिसऱ्यावर तर चित्रच नाही. डॉ. जॉन्सन यांच्या १७५५ च्या इंग्रजी शब्दकोशाला २५० वर्षे झाली म्हणून २००५ साली काढलेले ते नाणे आहे, आणि शब्दकोशातल्या ‘फिफ्टी’ व ‘पेन्स’ या दोन नोंदी जशा छापलेल्या असतात तशाच त्यावर कोरल्या आहेत. म्हणजे नाण्याची किंमतच त्याचे चित्र झाली आहे. इतकी मोकळी कल्पकता रोजच्या चलनात पाहायला मिळावी याचे मला फार कौतुक वाटले.

भाची येत्या दिवाळीला पुन्हा येणार आहे आणि ‘मामा, काय काय आणू ते आधी सांगून ठेवा’ असे तिचे म्हणणे आहे. इथेच माझी अडचण सुरू होते. रॉयल मिंट या ब्रिटनच्या टांकसाळीच्या संकेतस्थळावर पाहिले तर एकाच विषयावरचे नाणे साध्या धातूत, चांदीत, सोन्यात, रंगीत, प्रूफ (संग्राहकांसाठी आरशासारखे घोटून पाडलेले) अशा अनेक रूपांत आहे आणि प्रत्येकाची किंमत वेगळी आहे. महात्मा गांधींच्या स्मरणार्थ २०२१ च्या दिवाळीत निघालेले पाच पौंडांचे नाणे संग्रहात असावे असे मनापासून वाटते, परंतु ते चांदीचे घ्यावे की साधे, हे ठरत नाही. शिवाय वडिलांच्या जुन्या पेटीत चर्चिल यांचे १९६५ चे एक मोठे नाणे आणि राणीच्या १९७७ च्या रौप्यमहोत्सवाचे तेवढेच मोठे दुसरे नाणे आहे. दोन्ही चांदीची आहेत असे घरात सर्वजण धरून चालतात. ते खरे आहे का? आणि ब्रिटिश स्मृतिनाण्यांचा संग्रह एखाद्या दिशेने करायचा झाला तर सुरुवात कुठून करावी, हे जाणकारांनी सांगितल्यास उपकृत होईन.

उत्तर १
बर्मिंगहॅमवासी_करवीरकर

नमस्कार दादा. मी मूळची शाहूपुरीची, आता बरीच वर्षे इंग्लंडात आहे. इथल्या गल्ल्यातून आणि बँकेच्या पिशव्यांतूनच माझा संग्रह उभा राहिला आहे, त्यामुळे माझे मत तिकडे झुकलेले असणार, हे आधीच सांगते.

आपण पन्नास पेन्सपासून सुरुवात करावी, असे मी निःशंकपणे सुचवीन. हे नाणे ऑक्टोबर १९६९ मध्ये चलनात आले आणि त्यावरचे पहिले स्मृतिचित्र १९७३ चे, ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात सामील झाले त्या वेळचे आहे. त्यावर वर्तुळात एकमेकांत गुंफलेले नऊ हात आहेत, कारण तेव्हा सदस्य देश नऊ होते. ते नाणे जुन्या मोठ्या आकाराचे, ३० मिलिमीटर रुंद आणि १३.५ ग्रॅम वजनाचे आहे. १९९७ साली पन्नास पेन्सचा आकार २७.३ मिलिमीटर व वजन ८ ग्रॅम करण्यात आले आणि १९९८ च्या फेब्रुवारीअखेर मोठी नाणी चलनातून बाद झाली. त्यामुळे १९७३ चे नाणे भाचीला दुकानातल्या मोडीत मिळणार नाही, परंतु ती कोट्यवधींच्या संख्येने पाडली गेली असल्यामुळे नाणेविक्रेत्यांकडे अगदी थोडक्या पैशांत मिळते. त्याच्या जोडीला ३१ जानेवारी २०२० या तारखेचे, ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्याचे नाणे ठेवा. आत जातानाचे आणि बाहेर पडतानाचे अशी दोन नाणी शेजारी ठेवली की जवळपास अर्ध्या शतकाचे राजकारण एका पानावर येते. बाहेर पडण्याची आधीची तारीख ३१ ऑक्टोबर २०१९ अशी होती आणि त्या तारखेची नाणी पाडूनही झाली होती. तारीख पुढे गेल्यावर ती वितळवावी लागली.

आता दुर्मिळतेविषयी. स्मृतिनाणे आहे म्हणून ते मौल्यवान असते, हा समज इकडेही सर्रास आहे आणि लोक त्यापायी पैसे घालवतात. चलनातले नाणे किती पाडायचे हे बऱ्याच अंशी त्या वर्षी बँकांकडून सुट्ट्या पैशांची किती मागणी आहे यावर ठरते. प्रसंग किती मोठा आहे याच्याशी त्या संख्येचा फारसा संबंध नसतो. लंडनच्या क्यू गार्डन्स या वनस्पती उद्यानाला २५० वर्षे झाल्याचे २००९ चे नाणे फक्त २,१०,००० पाडले गेले, म्हणूनच त्याला आज शंभर पौंडांच्या वर भाव मिळतो. लंडन ऑलिंपिकनिमित्त २०११ साली पन्नास पेन्सची २९ वेगवेगळी नाणी निघाली. त्यांतले सर्वांत कमी संख्येचे फुटबॉलचे नाणेही ११,२५,५०० इतके आहे. फुटबॉलच्या त्या नाण्यावर ऑफसाइडचा नियम आकृती काढून समजावला आहे, आणि केवळ त्या कल्पनेसाठी ते संग्रहात असावे असे मला वाटते. सर्वांत कमी संख्येचे म्हणाल तर १९९२-९३ अशा जोडवर्षाचे, युरोपीय समुदायाच्या अध्यक्षपदाचे नाणे फक्त १,०९,००० पाडले गेले. तेही जुन्या मोठ्या आकारातलेच असल्याने मोडीत मिळत नाही.

भाचीला सोपी रीत सांगा. इथे बँकेतून पन्नास पेन्सची पिशवी मागितली की दहा पौंडांत २० नाणी मिळतात. घरी आणून ती एकेक करून पाहावीत, हवी ती काढून तेवढीच साधी त्यात घालावीत आणि पिशवी परत बँकेत भरावी. हव्या असलेल्या नाण्याला दर्शनी मूल्यापलीकडे एक पैसाही द्यावा लागत नाही; म्हणजे आपल्या हिशेबाने साधारण पन्नास-साठ रुपयांत एक नाणे पडते. दोन पौंडांची पिशवी वीस पौंडांची असते, तिच्यात दहा नाणी येतात. दोन पौंडांत मँचेस्टरच्या २००२ च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेची चार नाणी आहेत. चित्र एकच, फक्त इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांचे छोटे ध्वज वेगळे. त्यांतले उत्तर आयर्लंडचे ४,८५,५०० पाडलेले नाणे मिळाले तर सोडू नये.

एक सावधगिरीची सूचना. दोन पौंडांच्या नाण्याच्या कडेवरची अक्षरे उलटी आहेत म्हणून ते ‘चुकीचे नाणे’ आहे, असे सांगून इंटरनेटवर चढ्या भावाने विकणारे पुष्कळ आहेत. कडेवरची अक्षरे उमटतात तेव्हा नाणे कोणत्याही बाजूने असू शकते, त्यामुळे निम्म्या नाण्यांवर ती उलटीच दिसणार. त्यात दोष काहीच नाही. खरी चूक कशी असते त्याचे उदाहरण म्हणजे २००८ चे वर्ष नसलेले वीस पेन्सचे नाणे. त्या वर्षी ब्रिटिश नाण्यांच्या मागच्या बाजूला ढालीच्या तुकड्यांचे नवे चित्र आले आणि वीस पेन्सवर वर्षाची जागा मागच्या बाजूवरून राणीच्या बाजूला गेली. काही नाण्यांना राणीचा जुनाच ठसा आणि मागचा नवा ठसा लागला आणि दोन्हीकडून वर्ष निसटले.

उत्तर २
हुपरी_चांदीकाम

राम राम. आमच्या घरात चांदीचा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, त्यामुळे धातूविषयी जे खात्रीने माहीत आहे तेवढेच लिहितो.

आपल्या वडिलांच्या पेटीतली दोन्ही नाणी चांदीची नाहीत. ब्रिटनने चलनी नाण्यांतल्या चांदीचे प्रमाण १९२० साली ९२.५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणले आणि १९४७ पासून चलनातल्या नाण्यांत चांदी पूर्णपणे बंद झाली. चर्चिल यांचे १९६५ चे आणि रौप्यमहोत्सवाचे १९७७ चे चलनी नाणे, दोन्ही तांबे-निकेलच्या मिश्रधातूची आहेत. वजन २८.२८ ग्रॅम, म्हणजे हातात चांगलेच जड लागते, रंगही पांढरा, म्हणून फसगत होते. आमच्याकडे अशी नाणी मोडीत घालायला घेऊन येणारे लोक नेहमी येतात आणि त्यांना निराश करून पाठवावे लागते. चर्चिल यांचे नाणे दोन कोटींच्या जवळपास, १९७७ चे साडेतीन कोटींहून अधिक आणि युवराज चार्ल्स व डायना यांच्या लग्नाचे १९८१ चे अडीच कोटींहून अधिक पाडले गेले. त्या काळी आठवण म्हणून घरोघर लोकांनी ती जपून ठेवली आणि सगळ्यांनी जपल्यामुळे आजही ती मुबलक आहेत. १९७७ च्या नाण्यावर आपल्याला कुठेही किंमत लिहिलेली दिसणार नाही. ते २५ पेन्सचे आहे, परंतु १९७२ ते १९८१ या काळातल्या त्या मोठ्या नाण्यांवर किंमत घातलेलीच नाही. १९७७ चे संग्राहकांसाठी चांदीतही निघाले होते, तेव्हा मनाच्या समाधानासाठी एकदा गुजरीत, म्हणजे आपल्या सराफपेठेत दाखवून कस लावून घ्या. वडिलांची वस्तू म्हणून तिचे मोल अर्थातच वेगळे आहे, ती विकण्याचा विचारही करू नये असे मला वाटते.

आता गांधीजींच्या नाण्याविषयी. पाच पौंडांच्या नेहमीच्या चांदीच्या प्रूफ नाण्याचे वजन २८.२८ ग्रॅम आणि कस ९२५ असतो, म्हणजे निव्वळ चांदी सुमारे २६.१६ ग्रॅम भरते. त्या दिवशीच्या भावाने या चांदीची किंमत काढावी आणि टांकसाळ जी किंमत मागते तिच्याशी ताडून पाहावी. मधला फरक म्हणजे घडणावळ, डबी, प्रमाणपत्र आणि नाव यांचे पैसे. दागिन्याची घडणावळ मोडताना परत मिळत नाही हे आपल्याकडे प्रत्येक बाईला ठाऊक असते, तोच नियम इथेही लागू आहे. त्यात कस्टम ड्युटी आणि कुरिअर धरले तर घरी पोचेपर्यंतचा आकडा आणखी वाढतो. चांदीत पैसे गुंतवायचे असतील तर चांदीची वीट किंवा पाट घ्यावा, स्मृतिनाणे घेऊ नये. आवड म्हणून घ्यायचे असेल तर मात्र हिशेब करूनही खुशाल घ्यावे.

उत्तर ३
शिरोली_डायमेकर

वरच्या उत्तरातला चांदीचा हिशेब बिनचूक आहे, परंतु प्रूफ नाणे म्हणजे केवळ डबी आणि नाव, असा अर्थ त्यातून निघू नये म्हणून लिहितो. मी डाय बनवण्याच्या कामात आहे आणि म्हणून मला ही नाणी कारागिरी म्हणून पाहावीशी वाटतात.

चलनातले नाणे यंत्रावर अतिशय वेगाने पडते, पिशवीत इतर नाण्यांवर आदळते आणि तसेच बँकेत जाते. ‘ब्रिलियंट अनसर्क्युलेटेड’ म्हणून जे विकले जाते त्यासाठी ठसे अधिक काळजीने तयार केलेले असतात, यंत्राचा वेग कमी असतो आणि नाणे चलनात न जाता थेट पाकिटात जाते. प्रूफसाठी कोरी चकतीही घासून चकचकीत करतात, ठशाची सपाट बाजू आरशासारखी घोटतात, चित्राचा उठाव तेवढा मुद्दाम धुरकट ठेवतात आणि एकाच चकतीवर एकाहून अधिक वेळा दाब देतात. भिंगातून पाहिले तर केसांच्या बटा, पानांच्या शिरा, अक्षरांच्या कडा सगळे स्वच्छ उमटलेले दिसते. एकाच चित्राचे चलनातले आणि प्रूफ अशी दोन नाणी शेजारी ठेवून भिंगाखाली पाहावीत. कलाकाराने काय कोरले होते आणि वापरात त्यातले काय उरले, हे त्या दोन्हींत मिळून कळते. म्हणून प्रत्येक नाण्याचे प्रूफ घेण्याची गरज नाही, परंतु आपल्या सर्वांत आवडत्या एका चित्राचे तरी अवश्य घ्यावे.

गांधीजींचे नाणे त्या दृष्टीने विचार करण्यासारखे आहे. त्यावर गांधीजींचा चेहरा नाही, हे ते मागवण्याआधी आपणांस माहीत असावे, कारण अनेकांचा अपेक्षाभंग होतो. नाण्याचे चित्र काढणाऱ्या हीना ग्लोव्हर यांनी त्यावर कमळ घेतले आहे आणि सोबत ‘माझे जीवन हाच माझा संदेश’ हे गांधीजींचे प्रसिद्ध वचन इंग्रजीत आहे. ब्रिटनच्या अधिकृत नाण्याद्वारे गांधीजींचे स्मरण झाले ते याच नाण्याने पहिल्यांदा. तेव्हाचे अर्थमंत्री ऋषी सुनक यांनी ते जाहीर केले होते. कमळाच्या पाकळ्यांचा उठाव प्रूफमध्ये अधिक खुलतो, असे माझे मत आहे. ज्या राज्यसत्तेने त्यांना वारंवार तुरुंगात टाकले, त्याच सत्तेच्या टांकसाळीने हे नाणे पाडले, म्हणून आपल्याकडच्या संग्रहात ते असलेच पाहिजे. चांदीचे परवडत नसेल तर साध्या धातूतलेही आनंदाने घ्यावे.

पन्नास पेन्सच्या आकाराविषयी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याला सात बाजू आहेत, पण त्या सरळ नाहीत. प्रत्येक बाजू समोरच्या कोपऱ्याला केंद्र मानून काढलेला वर्तुळाचा कंस आहे. त्यामुळे ते कसेही फिरवले तरी त्याची रुंदी तेवढीच राहते, आणि म्हणूनच सात कोपऱ्यांचे असूनही ते नाण्यावर चालणाऱ्या यंत्रांत अडकत नाही. उद्यमनगरातल्या कोणत्याही वर्कशॉपमध्ये व्हर्नियर कॅलिपर मिळेल. नाणे त्याच्या जबड्यात धरून हळूहळू फिरवून पाहा. सगळीकडे २७.३ मिलिमीटरच भरेल आणि जबडा कुठे ढिला किंवा घट्ट होणार नाही. बनावट नाणे ओळखायलाही ही परीक्षा उपयोगी पडते.

प्रश्नकर्त्याचे प्रत्युत्तर
राजारामपुरीचा_संग्राहक, कोल्हापूर

आपण तिघांनीही इतक्या आस्थेने लिहिले याबद्दल मनःपूर्वक आभार. चर्चिल आणि रौप्यमहोत्सव यांच्याविषयी घरात सांगितले आहे. आईला थोडे वाईट वाटले, परंतु नाणी जिथे होती तिथेच राहतील. गांधीजींचे नाणे साध्या धातूतले मिळाले तर तेच मागवायचे आणि प्रूफ घ्यायचेच तर पुढे कधीतरी शब्दकोशाच्या नाण्याचे, असे मी ठरवले आहे. युरोपीय समुदायाच्या दोन नाण्यांची जोडी भाचीच्या यादीत सर्वांत वर लिहिली.

आता दोन शंका उरल्या. एका ओळखीच्या गृहस्थांनी मला क्यू गार्डन्सचे नाणे देऊ केले आहे. भाव इंटरनेटवरच्या भावाच्या निम्म्याहून कमी आहे आणि ‘चलनातलेच आहे’ असे ते सांगतात. ते पारखून घेताना काय पाहावे? दुसरी शंका साठवणुकीची. आपल्याकडचा पावसाळा पाहता, जून ते सप्टेंबर घरातल्या भिंतींनाही ओल येते, तिथे ही नाणी सागवानी कपाटात ठेवली तर चालतील का?

उत्तर ४
ब्रह्मपुरी_नाणकप्रेमी

सविनय नमस्कार. दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण भाव कमी-जास्त झाला तर माणूस सावरतो, बिघडलेले नाणे मात्र पूर्ववत होत नाही.

नाणी लाकडी कपाटात उघडी ठेवू नयेत. लाकडातून हळूहळू आम्लाच्या वाफा निघत राहतात आणि बंद खणात त्या साठतात. याचा सर्वांत जास्त त्रास शिशाला होतो. आपल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवरून आणि परिसरातून सातवाहन काळातली, धनुष्यबाणाची खूण असलेली कुर राजांची शिशाची नाणी मिळाली आहेत. तशा नाण्यावर लाकडी पेटीत पांढरी भुकटी धरते आणि अक्षरे विरून जातात. तांबे-निकेलचे नाणे त्या मानाने चिवट असले तरी चांदीच्या आणि प्रूफ नाण्यांच्या बाबतीत धोका पत्करण्याचे कारण नाही. प्रत्येक नाणे घट्ट बसणाऱ्या कडक पारदर्शक कॅप्सूलमध्ये घालावे, सर्व कॅप्सूल हवाबंद झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. पुडीतले दाणे रंग बदलणारे घ्यावेत, म्हणजे ओल शोषून ते निकामी झाले की नजरेला कळते. पावसाळा सुरू होण्यापूर्वी, एखाद्या कोरड्या दिवशी हे काम उरकून टाकावे आणि मग आश्विनापर्यंत डबा वारंवार उघडू नये.

स्टेशनरीच्या दुकानात मिळणारे मऊ, वास येणारे प्लॅस्टिकचे अल्बम टाळावेत. ते पीव्हीसीचे असते आणि काही वर्षांत नाण्यावर हिरवट चिकट थर चढतो. तो चढलाच तर शुद्ध ॲसिटोनमध्ये नाणे बुडवून काढावे आणि न चोळता वाळू द्यावे. नखांचे पॉलिश काढण्याचे द्रावण वापरू नये, त्यात तेल आणि सुगंध मिसळलेला असतो. रबरबँड आणि वर्तमानपत्राचा कागद चांदीजवळ नको, त्यांतल्या गंधकाने चांदी काळी पडते. आणि सर्वांत महत्त्वाचे, दिवाळीच्या साफसफाईत घरातल्या कोणी देवाच्या उपकरण्यांबरोबर ही नाणीही चिंच किंवा रांगोळी लावून घासायला घेतली, तर त्यांना वेळीच थांबवावे. घासलेले नाणे चमकते, परंतु टांकसाळीतून निघताना त्याच्या पृष्ठभागावर जी सूक्ष्म झळाळी असते ती कायमची जाते आणि जाणकार ते एका नजरेत ओळखतो. प्रूफ नाण्याच्या आरशासारख्या भागाला तर बोटही लागू देऊ नये. नाणे नेहमी कडेला धरावे.

आता क्यू गार्डन्स. या नाण्याची बनावट नाणी बाजारात आहेत, तेव्हा घाई करू नये. पहिली गोष्ट वजन. गुजरीतल्या कोणत्याही ओळखीच्या सराफाकडे मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा असतो. नाणे ८ ग्रॅमच्या अगदी जवळ भरले पाहिजे. चलनातल्या झिजेने किंचित कमी येईल, परंतु अर्ध्या ग्रॅमचा फरक असेल तर तिथेच विषय संपवावा. दुसरी गोष्ट चुंबक. अस्सल नाणे तांबे-निकेलचे असल्यामुळे चुंबकाला चिकटत नाही. ब्रिटनची १९९२ च्या सप्टेंबरनंतरची एक व दोन पेन्सची आणि २०१२ पासूनची पाच व दहा पेन्सची नाणी पोलादावर मुलामा दिलेली असल्यामुळे चिकटतात, पन्नास पेन्स मात्र नाही. तिसरी गोष्ट चित्र. क्रिस्तोफर ल ब्रून यांनी काढलेल्या त्या चित्रात उद्यानातला मजल्यामजल्यांचा पॅगोडा आहे आणि त्याला पायथ्यापासून एक वेल विळखा घालत वर गेली आहे. भिंगाखाली मजल्यांच्या कडा आणि पानांच्या रेषा स्वच्छ दिसल्या पाहिजेत. बनावटीत त्या लोण्यासारख्या मऊ झालेल्या असतात आणि सपाट भागावर बारीक पुटकुळ्या दिसतात.

एवढे सगळे उत्तीर्ण झाले तरी एक परीक्षा उरते, आणि ओळखीच्या माणसाकडूनही अजाणतेपणी गैरसमज होऊ शकतो तो इथेच. पन्नास पेन्सला ५० वर्षे झाली म्हणून रॉयल मिंटने २०१९ साली हेच चित्र पुन्हा काढले. ते फक्त संग्राहकांच्या संचासाठी होते, चलनात कधीच गेले नाही. पॅगोड्याच्या बाजूला १७५९ आणि २००९ ही दोन वर्षे दोन्ही नाण्यांवर आहेत, त्यामुळे केवळ ती बाजू पाहून काहीही ठरत नाही. नाणे उलटावे आणि राणीच्या बाजूचे वर्ष वाचावे. तिथे २००९ असेल आणि राणीच्या मानेखाली ‘आयआरबी’ ही राणीची त्या वेळची मुद्रा घडवणाऱ्या इयन रँक-ब्रॉडली यांची आद्याक्षरे असतील तर ते मूळचे. २०१९ असेल आणि ‘जेसी’ ही नंतरची मुद्रा घडवणाऱ्या जोडी क्लार्क यांची आद्याक्षरे असतील तर ते नंतरचे, अस्सल परंतु वेगळे नाणे आहे आणि ‘चलनातले’ हे वर्णन त्याला लागू पडत नाही. त्या गृहस्थांकडून दोन्ही बाजूंची छायाचित्रे आधी मागवून घ्यावीत. त्यात अवघडून जाण्यासारखे काही नाही. खरा संग्राहक ती आपणहून देतो.

उत्तर ५
बर्मिंगहॅमवासी_करवीरकर

दादा, क्यूच्या मागे लागण्यापूर्वी भाचीला एक काम सांगून ठेवा. राजे चार्ल्स यांच्या कारकिर्दीत नेहमीच्या नाण्यांसाठी ब्रिटनमधल्या वन्यजीवांची नवी चित्रे आली आहेत आणि पन्नास पेन्सवर अटलांटिक सामन मासा आहे. २०२३ सालचे ते नाणे चलनासाठी फक्त २,००,००० पाडले गेले, म्हणजे क्यूपेक्षाही कमी. ते स्मृतिनाणे नव्हे, नेहमीच्या वापराचे नाणे आहे, म्हणून पुष्कळ लोक त्याच्याकडे लक्षही न देता खर्च करून टाकतात. नाणी चाळताना डावीकडे तोंड केलेला राजा दिसला की ते बाजूला काढायला सांगा. राणीचा चेहरा नेहमी उजवीकडे असतो, त्यामुळे हे पटकन जमते. त्यांतल्या काहींवर मागे राजचिन्हांच्या चार ढाली असतील, ती २०२२ ची राणीच्या स्मरणार्थ काढलेली नाणी आहेत. काहींवर वेस्टमिन्स्टर ॲबे असेल, ती राज्याभिषेकाची, पन्नास लाख पाडलेली. दोन्ही प्रकार सहज मिळतात आणि दोन्ही ठेवण्याजोगे आहेत. मासा निघाला तर मात्र तो पाकिटात इतर नाण्यांबरोबर न ठेवता लगेच कागदाच्या घडीत वेगळा ठेवायला सांगा, म्हणजे दिवाळीपर्यंत त्यावर ओरखडे पडणार नाहीत.